काचेच्या वेष्टनातील चुंबकीय सूक्ष्मतारा

सोनार तार काढतो तेव्हा भोके पाडलेल्या पोलादी पट्टीतून सोन्याची वा चांदीची कांडी ओढतो. उत्तरोत्तर लहान होत जाणाऱ्या भोकांतून ती कांडी जात राहते आणि दर खेपेस थोडी बारीक व थोडी लांब होते. पैठणीच्या पदरातील जरीची तार मुळात याच मार्गाने आलेली असते. कारखान्यात तयार होणारी तांब्याची तारही याच तत्त्वाने घडते. परंतु या पद्धतीला एक मर्यादा आहे. तार फार बारीक झाली म्हणजे ओढीच्या जोराने ती तुटते. आणि धातू मुळातच ठिसूळ असला तर तो पहिल्याच भोकातून धड पार पडत नाही.

ही मर्यादा ओलांडण्याची एक युक्ती शास्त्रज्ञांनी शंभर वर्षांपूर्वी शोधून काढली. धातूला एकट्याने ओढावयाचे नाही. त्याला काचेच्या नळीत ठेवावयाचे, दोन्ही एकत्र तापवावयाचे आणि काचेलाच ओढावयाचे. मऊ झालेली काच साखरेच्या पाकाप्रमाणे तार धरते आणि तिच्या पोटातील वितळलेला धातू तिच्याबरोबर ओढला जातो. अशा रीतीने केसाहूनही बारीक, वरून काचेचे कवच आणि आत धातूचा गाभा असलेली तार मिळते. तिला काचवेष्टित सूक्ष्मतार असे म्हणता येईल.

माणसाच्या केसाची जाडी साधारणपणे ५० ते १०० मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काचवेष्टित सूक्ष्मतारेतील धातूचा गाभा १ ते ५० मायक्रॉन व्यासाचा असतो आणि त्यावरील काचेचा थर १ ते २० मायक्रॉन जाडीचा असतो. एवढ्याशा तारेत चुंबकत्वाचे असे काही गुण एकवटले आहेत की, त्यांच्या आधारे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील बारीक फरक मोजता येतो, ग्रंथालयातून परवानगीवाचून बाहेर पडणारे पुस्तक ओळखता येते आणि एखाद्या बांधकामाच्या अंतर्भागात वाढत असलेल्या ताणाची वार्ता बाहेर आणता येते. हे गुण कोठून येतात, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

तार घडते कशी

या पद्धतीचे वर्णन अमेरिकेतील जी. एफ. टेलर यांनी १९२४ साली प्रथम प्रसिद्ध केले. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यास सोव्हिएत संघातील ए. व्ही. उलितोव्स्की यांनी तीत महत्त्वाची सुधारणा करून तार अखंड काढण्याची सोय केली. म्हणूनच आज ही पद्धत टेलर-उलितोव्स्की पद्धत या जोडनावाने ओळखली जाते. सध्याच्या मोल्दोव्हा देशातील किशिनेव्ह हे शहर सोव्हिएत काळात या तारांच्या निर्मितीचे एक प्रमुख केंद्र होते. तेथे प्रथम भर होता तो विद्युत् रोधकांसाठी लागणाऱ्या तारांवर. चुंबकीय तारांकडे जगभरातील संशोधकांचे लक्ष वेधले गेले ते मुख्यतः १९९० नंतर.

कृती वर्णनाला सोपी असली तरी करावयास नाजूक आहे. बोरोसिलिकेट काचेची, म्हणजे प्रयोगशाळेतील चंचुपात्रांसाठी वापरतात तशा काचेची, तळाशी बंद असलेली नळी घेतात. तीत काही ग्रॅम वजनाचा मिश्रधातूचा तुकडा टाकतात. नळीचे खालचे टोक तांब्याच्या वेटोळ्यात धरलेले असते. त्या वेटोळ्यातून उच्च कंप्रतेचा, म्हणजे सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलणारा, विद्युत् प्रवाह सोडला की धातूत प्रवर्तनाने उष्णता निर्माण होते आणि त्याचा तेजस्वी थेंब बनतो. त्या थेंबाच्या स्पर्शाने नळीचा तळ मऊ होतो. मऊ काचेला काचेच्याच दांडीने स्पर्श करून खाली ओढले की एक केशनलिका निघते. तिच्यात वितळलेला धातू भरलेला असतो. ही केशनलिका पाण्याच्या बारीक धारेतून पार होऊन फिरत्या रिळावर गुंडाळली जाते.

रिळाचा वेग, नळी खाली सरकविण्याचा वेग आणि धातूचे तापमान या तीन गोष्टींच्या मेळावर तारेची जाडी ठरते. रिळाचा वेग वाढविला की तार बारीक होते; नळी अधिक वेगाने खाली सरकविली की काचेचा थर जाड होतो. धातू किती थोडा लागतो याची कल्पना साध्या गणिताने येऊ शकेल. गाभ्याचा व्यास १० मायक्रॉन असेल तर अवघ्या १ ग्रॅम मिश्रधातूपासून दीड किलोमीटरहून अधिक लांबीची तार निघते.

विस्कळीत रचनेचा धातू

पाण्याच्या धारेचे काम केवळ तार हाताळण्याजोगी थंड करणे एवढेच नाही. तारेच्या गुणधर्मांचे मूळ या अचानक थंड होण्यातच आहे.

सामान्य धातूतील अणू कवायतीच्या मैदानावरील रांगांप्रमाणे शिस्तीत बसलेले असतात. या रचनेस स्फटिकी रचना म्हणतात. वितळलेल्या अवस्थेत ही शिस्त मोडते आणि धातू सावकाश थंड झाला म्हणजे अणूंना पुन्हा आपापल्या जागी जाण्यास अवसर मिळतो. परंतु थंड होण्याचा वेग फार मोठा असेल तर अणू जेथे असतील तेथेच गोठतात. शाळेची घंटा होताच मैदानावरील मुले जागच्या जागी खिळून उभी राहावीत, तसे ते दृश्य असते. अशा धातूला अस्फटिकी धातू किंवा धातूची काच म्हणतात. १९६० साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत पोल ड्यूवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोने व सिलिकॉन यांचा असा पहिला मिश्रधातू तयार केला.

सूक्ष्मतार इतकी बारीक असते की तिच्यातील उष्णता क्षणार्धात निघून जाते. थंड होण्याचा वेग सेकंदाला एक लाख ते दहा लाख अंश सेल्सियस एवढा असतो. मिश्रधातूत लोह, कोबाल्ट वा निकेल यांच्या जोडीला सुमारे पाव हिश्श्यापर्यंत बोरॉन व सिलिकॉन मिसळलेले असतात. हे लहान-मोठे अणू एकमेकांच्या वाटेत येतात आणि स्फटिक बनण्यास अडथळा करतात. त्यामुळे गाभा अस्फटिकी राहतो.

चुंबकत्वाच्या दृष्टीने या विस्कळीतपणाचा मोठाच लाभ आहे. स्फटिकी लोहात चुंबकीकरणाला काही दिशा सोप्या व काही अवघड असतात. शिवाय स्फटिककणांच्या सीमांवर चुंबकीकरणाची हालचाल अडखळते. अस्फटिकी धातूत अशा ठरीव दिशाही नाहीत आणि सीमाही नाहीत. म्हणून त्याचे चुंबकीकरण अल्प क्षेत्रानेही सहज फिरविता येते. मग त्याला दिशा दाखविते कोण? येथे काचेचे कार्य सुरू होते.

काचेची पकड

१८४२ साली जेम्स जूल यांनी असे दाखवून दिले की, लोखंडाची कांब चुंबकित केली असता तिची लांबी अत्यल्प प्रमाणात बदलते. या गुणास चुंबकीय आकारांतर असे म्हणतात. याची उलट बाजूही खरी आहे. चुंबकीय पदार्थाला ताण दिला तर त्याचे चुंबकीकरण बदलते. हे १८६५ साली एमिलियो विलारी यांनी निदर्शनास आणले. काचवेष्टित तारेतील गाभ्याचे वर्तन समजण्यास ही दुसरी बाजू महत्त्वाची आहे.

तापलेली काच आणि तापलेला धातू एकत्र थंड होऊ लागतात तेव्हा दोघांचे आकुंचन सारखे होत नाही. धातू काचेच्या तिपटी-चौपटीने आकुंचन पावू पाहतो, परंतु काच त्याला घट्ट चिकटलेली असल्याने तसे करू देत नाही. परिणामी गाभा कायमचा ताणलेल्या अवस्थेत राहतो. तंबोऱ्याची तार खुंटी पिळून ताणावी लागते. ही तार मात्र जन्मतःच ताणलेली असते आणि तिची खुंटी म्हणजे तिचे काचेचे कवच होय. काचेचा थर गाभ्याच्या मानाने जितका जाड, तितका हा ताण अधिक. म्हणून गाभ्याचा व्यास आणि संपूर्ण तारेचा व्यास यांच्या गुणोत्तराला या विषयात मोठे महत्त्व आहे. तारेवरील काच हायड्रोफ्लुओरिक अम्लाने काढून टाकली की ताण सैल होतो आणि तारेचे चुंबकीय वर्तन बदलते, हा या विवेचनाचा प्रत्यक्ष पुरावा आहे.

या ताणाला मिश्रधातू कसा प्रतिसाद देतो, त्यावरून तारांचे तीन वर्ग पडतात. लोहप्रधान मिश्रधातूचे आकारांतर धन असते. त्यातील चुंबकीकरण ताणाच्या दिशेने, म्हणजे तारेच्या लांबीला समांतर राहू पाहते. कोबाल्टप्रधान मिश्रधातूचे आकारांतर ऋण असते. त्यातील चुंबकीकरण ताणाच्या दिशेपासून दूर होऊन तारेच्या परिघाभोवती, बांगडीप्रमाणे वळसा घेते. कोबाल्टचा काही अंश काढून त्या जागी थोडेसे लोह घातले की आकारांतर जवळजवळ शून्य होते. हा तिसरा वर्ग. एकाच यंत्रावर, एकाच काचेत, केवळ मिश्रधातू बदलून तीन निरनिराळ्या स्वभावांच्या तारा मिळतात.

एका झेपेत पालटणारे चुंबकत्व

चुंबकीय पदार्थाच्या अंतर्भागात लहान लहान प्रदेश असतात. प्रत्येक प्रदेशातील चुंबकीकरण एकाच दिशेने असते. शेजारच्या प्रदेशाची दिशा मात्र वेगळी असू शकते. दोन प्रदेशांमधील सीमेला प्रदेशभित्ती म्हणतात. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावले की या भित्ती सरकतात. १९१९ साली जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिक बार्कहाउझेन यांना असे आढळले की, त्या अखंडपणे सरकत नाहीत, तर अडखळत, लहान लहान उड्या घेत सरकतात.

लोहप्रधान सूक्ष्मतारेत या असंख्य लहान उड्यांऐवजी एकच मोठी उडी पाहावयास मिळते. तिच्या गाभ्याच्या मध्यभागी तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेला एकच मोठा प्रदेश असतो. उलट दिशेचे क्षेत्र हळूहळू वाढवीत नेले तरी प्रारंभी काहीच घडत नाही. क्षेत्र एका ठराविक मूल्याला पोहोचताच तारेच्या टोकाशी असलेली भित्ती सुटते, तारेच्या लांबीभर धावत जाते आणि संपूर्ण प्रदेशाचे चुंबकीकरण एका झेपेत उलटे होते. या मूल्याला पालट-क्षेत्र म्हणता येईल. विजेच्या बटनाला जशा चालू आणि बंद या दोनच अवस्था असतात, तशाच या तारेलाही दोनच अवस्था असतात. क्षेत्र आणि चुंबकीकरण यांचा आलेख काढला तर तो नेहमीच्या निमुळत्या वक्राऐवजी काटकोनी चौकटीसारखा येतो.

भित्ती धावण्याचा वेग थक्क करणारा असतो. सेकंदाला शेकडो मीटर हा तर नित्याचा अनुभव असून काही तारांत तो सेकंदाला एक किलोमीटरहून अधिक असल्याचे मोजण्यात आले आहे. असा वेग प्रथम मोजला तो १९३१ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत के. जे. सिक्स्टस आणि एल. टाँक्स यांनी. त्यांना निकेल-लोहाची तार मुद्दाम ताणून धरावी लागली होती. काचवेष्टित तारेत तो ताण काचेनेच दिलेला असतो.

भित्ती धावते तेव्हा जवळच्या वेटोळ्यात विद्युत् दाबाचा एक तीक्ष्ण ठोका उमटतो. तारेला कोठेही जोडणी करावी लागत नाही. एक वेटोळे क्षेत्र देते, दुसरे ठोका टिपते आणि तो ठोका केव्हा आला यावरून पालट-क्षेत्राचे मूल्य कळते. आता पालट-क्षेत्र हे तारेवरील ताणावर आणि तिच्या तापमानावर अवलंबून असते. अर्थात जी तार ताण ओळखते ती तो ताण, कसल्याही जोडणीवाचून, काही सेंटीमीटर अंतरावरून कळवू शकते.

संरोधातील मोठा फेर

आकारांतर शून्याच्या जवळ असलेल्या कोबाल्टप्रधान तारांचा गुण याहून वेगळा आहे. तो समजण्यासाठी प्रत्यावर्ती प्रवाहाची एक सवय ध्यानात घ्यावी लागेल. दिशा बदलणारा प्रवाह संवाहकाच्या सर्व भागांतून सारखा वाहत नाही. त्याचा ओढा पृष्ठभागाकडे असतो. कंप्रता जितकी अधिक, तितका प्रवाह पृष्ठभागाच्या पातळ थरात कोंडला जातो. घरगुती विजेच्या ५० आवर्तनांच्या प्रवाहासाठी तांब्यातील हा थर सुमारे ९ मिलिमीटरचा असतो; सेकंदाला दहा लाख आवर्तने झाली की तो ६६ मायक्रॉनवर येतो.

हा थर पदार्थाच्या पार्यतेवरही, म्हणजे तो चुंबकीय बलरेषांना किती सहज सामावून घेतो यावरही, अवलंबून असतो. समजा, २० मायक्रॉन व्यासाच्या तारेतून सेकंदाला एक कोटी आवर्तनांचा प्रवाह जात आहे. परिघाभोवतीची पार्यता १,००० असताना प्रवाह केवळ ६ मायक्रॉनच्या थरातून वाहतो. बाहेरून अल्पसे चुंबकीय क्षेत्र लावल्याने पार्यता १०० वर आली तर तो थर १८ मायक्रॉनचा होतो, म्हणजे प्रवाहाला सबंध तार मोकळी होते. साहजिकच तारेचा संरोध, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण विरोध, झपाट्याने उतरतो. या घटनेस महासंरोध परिणाम असे म्हणता येईल. १९९४ साली जपानमधील नागोया विद्यापीठात एल. व्ही. पानिना व के. मोहरी यांनी आणि त्याच वर्षी अमेरिकेत आर. एस. बीच व ए. ई. बर्कोविट्झ यांनी तो स्पष्टपणे मांडला. चांगल्या सूक्ष्मतारांत संरोधातील हा फरक कित्येक शेकडा टक्क्यांपर्यंत जातो.

क्षेत्र किती अल्प असले तरी चालते, याची कल्पना महाराष्ट्रातील वाचकाला एका जवळच्या उदाहरणाने येईल. मुंबईत कुलाबा येथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे घेतली जात होती. १८५९ च्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद तेथेच झाली. पुढे शहरात विजेच्या ट्रामगाड्या येऊ घातल्या, तेव्हा त्यांच्या प्रवाहामुळे निरीक्षणांत व्यत्यय येईल हे ओळखून १९०४ साली अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा सुरू करण्यात आली. तेथील पृथ्वीचे एकूण क्षेत्र सुमारे ४३ हजार नॅनोटेस्ला आहे. १८५९ च्या वादळातील घट सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची होती. महासंरोधावर आधारलेले संवेदक नॅनोटेस्लाच्या पातळीवरील फरक टिपतात, आणि प्रयोगशाळेत त्याहूनही पुष्कळ खाली मजल गेली आहे. हे साधते ते काही मिलिमीटर लांबीच्या तारेच्या तुकड्याने, आणि त्यास अतिशीत द्रव हेलियमची आवश्यकता नसते.

उपयोगाची क्षेत्रे

या गुणांचा पहिला व्यावहारिक लाभ दिशादर्शनात झाला. अस्फटिकी तारेचा महासंरोध वापरणारे लहान संवेदक जपानमधील आइची स्टील या कंपनीने बाजारात आणले आणि भ्रमणध्वनीतील होकायंत्रासाठी त्यांचा वापर झाला. रस्त्यात पुरलेल्या लहान चुंबकांचा माग घेत वाहन चालविण्याचे प्रयोगही अशा संवेदकांच्या आधारे त्या देशात झाले आहेत.

दुसरे क्षेत्र ओळखचिन्हांचे. दुकानातील वस्तू वा ग्रंथालयातील पुस्तक यात लोहप्रधान तारेचा तुकडा दडविला आणि दारातील चौकटीत प्रत्यावर्ती क्षेत्र ठेवले तर तारेचा तो तीक्ष्ण ठोका चौकटीला तात्काळ ऐकू येतो. खिशातील किल्ल्या किंवा डबा यांतील लोखंडाचे चुंबकीकरण सावकाश पालटते, म्हणून त्यांच्याशी गल्लत होत नाही. पालट-क्षेत्रे निरनिराळी असलेल्या अनेक तारा एकत्र ठेवल्यास ठोक्यांचा क्रम हाच एक सांकेतिक क्रमांक बनतो. तार कागदाच्या जाडीत सहज मावत असल्याने महत्त्वाच्या दस्तऐवजांची खातरजमा करण्यासही ती उपयोगी पडते.

तिसरे क्षेत्र सर्वांत मोठ्या आशेचे आहे. ते म्हणजे बांधकामांची व यंत्रभागांची अंतर्गत तपासणी. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडेच्या पठारावरून जाणाऱ्या प्रवाशाला पवनचक्क्यांची रांग दिसते. पवनचक्क्यांची पाती काचतंतू व राळ यांच्या थरांची बनलेली असतात. वाऱ्याच्या माऱ्याने ती वर्षानुवर्षे वाकत असतात, आणि थर सुटू लागले तरी बाहेरून प्रथम काही दिसत नाही. काचवेष्टित सूक्ष्मतार जाडीने काचतंतूसारखीच असते आणि तिचे कवचही काचेचेच असते. त्यामुळे पाते घडवितानाच तंतूंच्या जोडीने ती आत घालता येते; तिने पाते कमकुवत होत नाही. पुढे तिचे पालट-क्षेत्र मोजून, किंवा पात्यावर सूक्ष्मतरंग सोडून ते कसे परततात हे पाहून, आतील ताणाचा अंदाज बांधता येतो. संमिश्र पदार्थांवर व काँक्रीटवर असे प्रयोग अनेक देशांत झाले आहेत. स्लोव्हाकियातील कोशित्से येथील संशोधकांनी पालट-क्षेत्राच्या मापनपद्धतीवर विशेष काम केले आहे.

या संशोधनाचे मोल कशात आहे, हे महाराष्ट्राला निराळे सांगावयास नको. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना दगडी पूल पुरात कोसळला आणि प्रवाशांनी भरलेली वाहने पाण्यात गेली. काचवेष्टित तारेने पूर थोपविला जात नाही, आणि शतकापूर्वीच्या दगडी बांधकामात ती मागाहून विणताही येत नाही. पाण्याने पायाखालची माती वाहून जात असेल तर तिचा शोध वेगळ्या साधनांनीच घ्यावा लागतो. तथापि जे बांधकाम आज उभे राहत आहे, त्याच्या काँक्रीटमध्ये अथवा आधारांमध्ये आरंभापासून असा साक्षीदार बसविणे तत्त्वतः शक्य आहे. डोळ्यांना तडा दिसण्यापूर्वी ताणाची नोंद मिळणे, हाच या साऱ्या खटाटोपाचा हेतू आहे.

वैद्यकातही याच विचाराने काम चालू आहे. हाडाला आधार देण्यासाठी शरीरात बसविलेल्या भागात तारेचा लहानसा तुकडा ठेवला तर त्या भागावरील ताण वा भोवतालचे तापमान शरीराबाहेरून मोजता येईल. तापमानातील वाढ ही तेथे दाह सुरू झाल्याची पूर्वसूचना ठरू शकेल. आत विद्युत् घट नको की बाहेर येणारी तार नको. हे उपयोग अद्याप प्रायोगिक अवस्थेत आहेत. याखेरीज लोहप्रधान तारा अब्जावधी आवर्तनांच्या सूक्ष्मतरंगांची ऊर्जा शोषून घेतात. म्हणून त्यांचे तुकडे मिसळलेले लेप व पत्रे रडारलहरी शोषण्यासाठी आणि विद्युत् उपकरणांना परस्परांच्या उपद्रवापासून वाचविण्यासाठी अभ्यासिले जात आहेत.

अडचणी

एवढे गुण असूनही ही तार सर्वत्र दिसत नाही, याला कारणे आहेत. जे संवेदक संरोधावर चालतात त्यांत तारेला विद्युत् जोडणी द्यावीच लागते. त्यासाठी टोकाची काच खरवडून वा अम्लाने काढावी लागते, आणि अस्फटिकी गाभ्यावर डाख सहजासहजी बसत नाही. किलोमीटरभर तारेत गाभ्याचा व्यास व काचेची जाडी सर्वत्र सारखी राखणे कठीण असते. तीत फरक पडला की ताण बदलतो आणि ताण बदलला की चुंबकीय गुणही बदलतात. फार तापल्यास अस्फटिकी रचना मोडून स्फटिक बनू लागतात.

याहून सूक्ष्म अडचण अशी की, पालट-क्षेत्र ताणाने बदलते तसेच तापमानाने आणि बाहेरच्या चुंबकीय क्षेत्रानेही बदलते. ठोका पुढे सरकला तो नेमका कशामुळे, हे एकट्या तारेवरून कळत नाही. यातील एक पेच कौशल्याने सोडविता येतो. चुंबकीकरण एकदा एका दिशेने आणि एकदा उलट दिशेने पालटते. बाहेरचे स्थिर क्षेत्र एका पालटाला साहाय्य करते व दुसऱ्याला विरोध करते. ताण मात्र दोन्ही पालटांवर सारखाच परिणाम करतो. दोहोंची सरासरी घेतली की बाहेरच्या क्षेत्राचा परिणाम वजा होतो. तापमानासाठी मात्र वेगळ्या मिश्रधातूची, ताणाला प्रतिसाद न देणारी, दुसरी तार सोबत ठेवणे यांसारखे उपाय योजावे लागतात.

भारतातील काम

भारतातही या विषयाकडे लक्ष गेलेले आहे. जमशेदपूर येथील राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळेत अस्फटिकी चुंबकीय तारा, त्यांचा महासंरोध आणि त्यावर आधारलेले पोलादाच्या तपासणीचे संवेदक यांवर संशोधन झाले आहे. पोलादातील अंतर्गत बदल त्याच्या चुंबकत्वात उमटतात आणि ते टिपण्यास अशी तार समर्थ असते. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा दीर्घकाळ अभ्यास करणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था महाराष्ट्रातच, नवीन पनवेल येथे आहे. पदार्थविज्ञान, धातुशास्त्र आणि स्थापत्य या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना एकत्र काम करण्यास येथे पुष्कळ वाव आहे. कारण तार घडविणारा, तिचा ठोका वाचणारा आणि ती कोठे बसवावी हे जाणणारा, असे तिघेही आवश्यक आहेत.

एक ग्रॅम धातू, थोडी काच आणि पाण्याची एक धार, एवढ्या साहित्यातून ही तार जन्माला येते. तिला नाजूकपणा मिळाला तो बारीकपणामुळे आणि संवेदनक्षमता मिळाली ती काचेने दिलेल्या ताणामुळे. जो ताण इतर वस्तूंमध्ये दोष मानला जातो, तोच येथे कामाला लावलेला आहे. पूल, पाते किंवा हाडाचा आधार यांच्या पोटातील ताण, तो धोक्याच्या पातळीला पोहोचण्यापूर्वी, बाहेरच्या माणसाला कळावा यासाठी संशोधकांचा हा प्रयत्न चालला आहे. तो जसजसा प्रयोगशाळेतून प्रत्यक्ष बांधकामांपर्यंत पोहोचेल, तसतसा त्याचा लाभ सामान्य नागरिकाच्या सुरक्षिततेला होईल.